दोन पोरींचा सारखा पेपर

...आणि क्लासचा मास्तर मला म्हणतो, मावशी, चपला बाहेर काढा. काढल्या. देवळात काढते, तिथं काढायला माझं काय जातंय? मंग म्हणतो, टोपलीही खालीच ठेवा, मशीनला धूळ चालत नाही. मी म्हटलं, दादा, टोपलीत सुके बोंबील हायेत, धूळ नाय. तर नाकाला रुमाल लावून म्हणतो, तेच ते. आता तुमीच सांगा, धूळ आणि बोंबील एकच का? सारखं म्हंजे काय, ते आधी ठरवा ना शिकलेल्या लोकांनी, मंग आमच्या पोरींना चोर म्हणा.

तुमाला सांगते, हा टपाल नाक्यावरचा कॉम्प्युटरचा क्लास. खाली चष्म्याचं दुकान, वर हा क्लास. गुरुदत्त सर मालक, तेच मास्तर, आणि दसऱ्याला मशीनला हळदकुंकू लावणारे भटजी पण तेच. माझी नीता तिथं जाते, आमच्या गावातनं, विचुंब्याहून, कधी रिक्षा, बरेचदा पायी. मी चौथी शिकलेली, बाजारात सुकी मासळी विकते, मला त्यातलं काय कळणार? पण एवढं कळतं की तिथं मशीन थोडी आणि पोरं ढीगभर. म्हंजे काय होतं, मशीनला हात लागायची पाळी येते सणासुदीला. बाकीचे दिवस सर फळ्यासमोर उभं राहून सांगणार, पोरं वहीत उतरवणार, आणि घरी येऊन पाठ करणार. होय, पाठ. आमी नाय का पाढे पाठ केले, तसं ही पोरगी मशीनची भाषा पाठ करायची. मी भात वैरतेय आणि ही चुलीपुढं बसून कंस उघडा, कंस बंद करा, अर्धविराम द्या... बाप म्हणायचा, हिला भूतबाधा झालीय.

बाप तसा वाईट नाय, पण डोक्यात एकच. कामोठ्याचं स्थळ आलंय, मुलाच्या घरचे घाई करतायत. त्यानं सरळ सांगितलं, नोकरी लागली तर लग्न पुढं, नाय तर ह्याच उन्हाळ्यात अक्षता. आणि तेवढ्यात तळोज्याच्या एका कंपनीनं सरांना सांगितलं, कॉम्प्युटर येणारी एक पोरगी पाठवा. एकच. पेपरात पहिली येईल ती. माझी नीता ऐकून जेवलीच नाय, नुसती पाठ करत बसली.

पेपर झाला. कागदावर झाला, मशीनवर नाय, मशीनची भाषा कागदावर लिहायची, जसं पोहायचं कसं ते पाटीवर लिहून दाखवायचं. आणि पहिल्या आल्या दोघी. माझी नीता आणि नवीन पनवेलची मिताली, ऑफिसरची लेक. आता झालं की नाय छान? पण सर दोन्ही पेपर शेजारी ठेवतात आणि म्हणतात, हे तर सेम टू सेम. अक्षर न् अक्षर. म्हंजे एकीनं कॉपी केली. कुणी केली असेल? अहो, विचारायचंच कशाला... नीता बोरीची फांदी तोडायला गेली तरी लोक म्हणतात चोरून तोडली.

सारखं म्हंजे काय, सांगा मला. एका कढईतले वडे सारखे येतात, म्हणून काय एका वड्यानं दुसऱ्याचं बघून तळून घेतलं?

तर मी गेले, नीताला घेऊन. चपला काढून, टोपली जिन्यात ठेवून. सर म्हणाले, "मावशी, तुम्हाला यातलं टेक्निकल कळायचं नाही."

मी म्हटलं, "नाय कळत. पण दोघींनी तुमच्याच तोंडचं पाठ केलं, मंग वेगळं कुठून येणार? आणि बाकीच्यांचं?"

"बाकीच्यांनी चुका केल्या."

"म्हंजे ज्यांनी तुमचं नीट ऐकलं त्या दोघीच चोर."

ती मिताली तिथंच होती. पोरगी चांगली, खोटं कशाला बोलू. ती पुढं होऊन म्हणाली, "सर, नीताने नाही कॉपी केली, मी पण तुमच्या नोट्सच लिहिल्यात." तर सर तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणतात, "मिताली, किती मोठं मन आहे तुझं." बघा. तिनं खरं सांगितलं तर ते तिचं मन मोठं, आणि नीतानं तेच सांगितलं तर तोंड वर करून बोलते. वाक्य एकच हाय हो.

मंग माझं टाळकं फिरलं. मी म्हटलं, एवढं मशीन ठेवलंय पांघरूण घालून, त्यालाच विचारा. जे दोघींनी लिहिलंय ते त्यात घाला, बघू काय म्हणतं. आता लिहिलं काय होतं, तर नीतानं मला सांगितलं होतं, दोन नावं द्यायची आणि मशीननं सांगायचं सारखी हायेत का वेगळी. एवढंच. हे तर माझा बाजारातला आंधळा गोविंदमामा पण सांगेल.

सरांनी ऐटीत मशीनचं पांघरूण काढलं, पेपरातलं टकटक करून आत घातलं, मंग पहिलं नाव घातलं नीता. दुसरं नाव घातलं नीता. आणि मशीन म्हणतं, वेगळी.

सरांनी परत घातलं. वेगळी. मिताली आणि मिताली घातलं. वेगळी. मी म्हटलं, बघा, तुमच्या मशीनला तर दोन एकसारख्या पण वेगळ्याच दिसतात, मंग दोन पेपर सारखे कशावरनं? पोरं हसली. सर लाल. म्हणाले, व्होल्टेज कमी असेल.

आणि तेव्हा, तुमाला सांगते, माझी पोरगी त्या दिवशी पहिल्यांदा बोलली. हळूच. "सर, व्होल्टेज नाही. ओळ चुकलीय." पुढं झाली, एक ओळ खोडली, दुसरी घातली, आणि मशीन म्हणालं, सारखी.

घरी येताना तिनं मला समजावलं. "आई, आपल्या फळीवर दोन डबे हायेत, दोन्हीत जवळाच हाय. मी विचारलं आत सारखंच हाय का, तर तू झाकण उघडून बघशील. मशीन झाकणच उघडत नाय. डबा फळीवर कुठं ठेवलाय तेवढं बघतं. जागा वेगळी, म्हंजे त्याच्या मते माल वेगळा. झाकण उघड आणि एकेक अक्षर जुळवून बघ, असं त्याला निराळं सांगावं लागतं. सरांच्या नोट्समधे ते राहिलं होतं."

मला वाटलं, घ्या, मशीनला आणि सरांना एकाच कारखान्यात बनवलंय. एक पोरगी नवीन पनवेलच्या फळीवर, एक विचुंब्याच्या, झाकण उघडतो कोण?

पण ते नंतर. तिथं क्लासात मला वाटलं, जिंकलो. ज्या पोरीला चूक सापडते ती कॉपी कशाला करेल? एवढं तर बोंबलाला पण कळेल. मी टोपली उचलायला वळले सुद्धा. आणि सर खुर्चीत बसले, चष्मा पुसला, म्हणाले, "नीता, तुला बरोबर येत होतं?"

"हो सर."

"कधीपासून?"

"तुम्ही ती चुकीची ओळ फळ्यावर लिहिली त्याच दिवसापासून."

"मग पेपरात चुकीचं का लिहिलंस?"

मी म्हणतेय बोल, बोल ना गं... शेवटी म्हणाली, "तुमच्या नोट्सपेक्षा वेगळं लिहिलं की तुम्ही मार्क कापता, सर."

आता हे कुणाही मास्तराला लागेल. पण सर हसले. "चुकीचं आहे हे माहीत असून कोण लिहितं? ज्याला स्वतःचं काही येत नाही, दुसऱ्याचं बघून उतरवतो, तोच. आणि आता मशीनच काय म्हणालं, तूच दुरुस्त केलंस ना? सारखं. सगळ्यांनी पाहिलं."

अहो, ते नावांचं म्हणालं होतं, पेपरचं नाय. मी ओरडले, मिताली रडली, पोरं जिन्यातून डोकावली, चष्मेवाला वर आला. काय उपयोग? पोरीनं चूक तशीच राहू दिली असती तर वेगळी म्हणणारं मशीन तिच्या बाजूनं होतं. बरोबर करायला गेली आणि चोर ठरली. सारखं म्हंजे काय ते मी आता कुणाला विचारत नाय, उत्तर देणारेच सारखे.

तळोज्याला मिताली लागली. वहीतली ती ओळ सरांनी दुसऱ्याच दिवशी सगळ्यांना बदलून दिली म्हणे, स्वतःच्या नावावर. नीताच्या बापानं कामोठ्याला निरोप धाडला.

रविवारी ते लोक बघायला आले. आतल्या खोलीत मी तिच्या पदराला पिन लावत होते. बाहेर कपबशा वाजतायत. तर ही विचारते, "आई, पुढं शिकायचं हाय का विचारलं तर काय सांगू?"

मी अख्ख्या बाजाराशी भांडलेली बाई. पिन तोंडात धरून म्हटलं, "त्यांना जे पाहिजे ते सांग. चुकीचं असलं तरी."

तिनं मान हलवली. पाठांतर पक्कंच हाय तिचं.