गुलाबी उजेडाची खोली

— नाही नाही, चोळू नकोस डोळे, चोळलेस की अजून चुरचुरतात! पहिल्या दिवशी सगळ्यांचंच होतं. दिवेच तसे ना — लाल आणि निळे, दोन्ही मिळून हा असा गुलाबी पडतो. रोपांना तेवढेच रंग पुरतात म्हणे. आपल्याला काय लागतं ते कोण विचारतंय! हा हिरवा चष्मा लाव — हां, अस्सा. आता पानं पानांसारखी दिसतील. काढून बघ — काळीकुट्ट ना? म्हणून काढायचा नाही. खिडकी? अगं, खिडकी कशी असेल इथे? बाहेरचं ऊन आलं की वाढ बिघडते, असं साहेबांचं म्हणणं. आणि दारं दोन — मागचं बंद झाल्याशिवाय पुढचं उघडत नाही. घाबरतेस काय एवढी? मी इतकी वर्षं आहे, मला काय झालं? काही नाही झालं.

बाहेर पडलं की जरा वेळ जग हिरवं दिसतं, एवढंच. नवरासुद्धा हिरवा! हस, हस — मीही हसायचे. एकदा इथून तडक दुकानात गेले, ह्यांच्यासाठी पांढरा शर्ट घेतला. दुकानदार काहीतरी सांगत होता, पण मी त्याला बोलू देईन तर ना! घरी सासूबाई म्हणतात, काय गं हे, गुलाबी? माझं तोंड एवढंसं झालं. आणि ह्यांनी घातला, बरं का! म्हणाले, तुला पांढरा दिसला ना, मग पांढरा. अजून घालतात. तर परवा दोरीवर वाळत होता — माझी सुट्टी, सकाळचं स्वच्छ ऊन — आणि मी विचारलं, हा पांढरा शर्ट कुणाचा? सासूबाईंनी तोच शर्ट दोरीवरून काढून माझ्या डोळ्यांसमोर धरला... ते जाऊ दे. हे काम बघ. पिवळं पडलेलं पान दिसलं की खुडायचं, नाहीतर शेजारची रोपं नासतात. सांग बरं, या रांगेत पिवळं कुठलं?

हे? नक्की? नाही, मला दिसतंय गं, तुझी परीक्षा घेतेय. आणि त्याच्या बाजूचं? तेही का? बरं... बरं. अगं, अशी बघू नकोस माझ्याकडे. नाही दिसत. झालं समाधान? हल्ली चष्मा लावूनही नाही दिसत, हाताला मऊ लागलं की खुडते. डॉक्टरकडे कशाला जाऊ? काम सोडा म्हणतील — आणि ह्यांच्या गोळ्या कुठून आणू? पण ऐक, साहेबांनी शब्द दिलाय, नवीन बाई टिकली की मला पॅकिंगला घेतील. तिथे खिडकी आहे गं, चांगली मोठी! दोघी आल्या, दोघी पळाल्या. तू तशी वाटत नाहीस. तू टिकलीस की मी सुटले — म्हणजे, तुलाही नंतर कुणीतरी सोडवेलच की. तुझे डोळे तरणे आहेत, तुला एवढ्यात काही—

अगं, कामाचा झगा का काढतेस? बस ना जरा, पाणी पी. अगं, मी आपलं उगीच बोलले, माझ्या तोंडाला कुलूप नाही, घरीही सगळे हेच म्हणतात... ऐकतेयस ना?

बरं. जा बाई. तो चष्मा तेवढा खुंटीला अडकव. आणि दार नीट ओढून घे — पांढरा उजेड आत आलेला चालत नाही.