साडेचार लाखांचं इंग्रजी

...आणि वर म्हणते इंग्रजी! म्हणजे नर्सिंग नाय, डी.फार्म नाय, निदान कंपनीच्या लॅबमध्ये चिकटता येईल असलं केमिस्ट्री, ते पण नाय, बी.ए., त्यात इंग्रजी, आणि ते पण पुण्याला, हॉस्टेलला राहून! तुम्हाला सांगतो, गडबच्या हिरामणच्या जागी तुम्ही असता तर काय केलं असतंत? खाली बसला असतात. हिरामण आधीच जेवायला खाली बसलेला, त्यामुळे त्याला तेवढी पण सोय राहिली नाय.

रोह्याच्या कंपनीत कॉन्ट्रॅक्टवर ऑपरेटर आहे तो, तीन शिफ्टमध्ये फिरतो, आणि एकुलती एक पोरगी किमया, बारावी सायन्सला ब्याऐंशी टक्के. ब्याऐंशी टक्के पडले म्हणून सगळ्या आळीला पेढे वाटले, आणि पेढा तोंडात असतानाच सगळ्या आळीनं विचारलं, आता पुढं काय? झालं! हिरामणची आई धोंडुबाई, कानानं कमी ऐकते पण हे बरोबर ऐकलं. म्हणाली, "इंग्रजी शिकून करनार काय गो? गोरे तं कवाच गेले!"

आता याला उत्तर काय देणार? किमयानं दिलंच नाय. ती मुळात बोलतच नाय हो, घरातलं मीठ संपलं तरी दोन दिवस अळणी खाईल पण सांगणार नाय. "मला इंग्रजीच करायचंय बाबा," एवढं एक वाक्य बोलली, आणि त्या वाक्याची किंमत, तीन वर्षांची फी नि हॉस्टेल धरून, साडेचार लाख!

हिरामण गेला पेणला, बँकेत, कर्जाचं विचारायला. साहेब भला माणूस, पाणी दिलं, फॅन हिरामणच्या बाजूला वळवला आणि विचारलं, "नर्सिंग असतं तर प्रश्न नव्हता, पण... स्कोप काय आहे?" हिरामणला वाटलं स्कोप म्हणजे आणखी एखादी झेरॉक्स राहिली असेल. म्हणाला, "उद्या आणून देतो साहेब." मग साहेबांनी नीट समजावलं, की तीन वर्षं शिक्षण, वर एक वर्ष सवलत, मग सात हजाराचा हप्ता, दहा वर्षं, म्हणजे पोरगी बत्तीस वर्षांची होईस्तोवर, तर तिला पगार किती मिळणार? "म्हणजे बघा," साहेब अगदी मऊ आवाजात म्हणाले, "इंग्रजी शिकून करणार काय?"

तुम्हाला सांगतो, त्या दिवसापासून हिरामण इंग्रजीवर पोट भरणारा माणूस शोधायला लागला. जोह्यात गेला तर तिथं सगळ्या गावाचं पोट गणपतीच्या मूर्तींवर चालतं. नागोठण्याचा शाहिद मस्कतला सुपरवायझर, पण त्याचं अख्खं इंग्रजी म्हणजे 'येस सर' आणि 'नो प्रॉब्लेम', आणि तेवढ्यावर त्यानं दोन मजले बांधले! मग बायकोला आठवलं, तिच्या मावसबहिणीचा प्रणित एम.ए. इंग्रजी आहे, रोह्याला एका कॉलेजात शिकवतो. हिरामणनं नाईट संपवली, किमयाला मिनीडोर रिक्षानं बोलावून घेतलं, म्हणाला, "चल, तुला तुझं भविष्य दाखवतो."

भविष्य स्टाफरूममध्ये डबा खात होतं. सकाळी साडेनवाला. हिरामणनं सरळ विचारलं, पगार किती?

"तासावर आहे काका. सोळा-सतरा हजार होतात."

"आणि मे महिन्यात?"

"मे महिन्यात तास नाय, म्हणून पैसे नाय."

"मग खातोस काय रे?"

"आंबे," प्रणित म्हणाला.

आणि संध्याकाळी इन्शुरन्स विकतो! हिरामणला इतका आनंद झाला, म्हणजे पोराच्या हालाचा नाय, पण प्रश्न सुटल्याचा. "ऐकलंस गो? कँटीनवाला जास्त कमावतो आमच्याकडं! इंग्रजी शिकून करणार काय?"

किमयानं प्रणितला विचारलं, "सर, परत पहिल्यापासून शिकायला मिळालं, तर काय घ्याल?"

प्रणितनं डब्याचं झाकण लावलं, उघडलं, परत लावलं. "इंग्रजीच," म्हणाला. "पण इथं नको घेऊस. सहा जण आहेत वर्गात, पुढल्या वर्षी विषय राहील की नाय माहीत नाय."

आता अशा माणसाला काय करायचं? तेवढ्यात बेल झाली. "काका, वर्गातच बसा, मग चहा घेऊ." हिरामण नाईट करून आलेला, मागच्या बाकावर डोकं टेकायला बरी जागा म्हणून बसला, किमया शेजारी. सहांतले चार आलेले, त्यातला एक झोपलेला. पण प्रणित शिकवायला लागला, थोडं इंग्रजी थोडं मराठी, आणि गोष्ट अशी की एक विधवा बाई, नदीकाठी तिचं शेत, आणि शेजारी रोज तिचा बांध हळूहळू आत सरकवतो, तिला दिसतं पण ती ओरडत नाय. हिरामण सरळ बसला हो! बांधाचं प्रकरण! झोप गेली!

प्रणितनं विचारलं, ती ओरडत का नाय? जागे होते ते तिघं वहीत बघायला लागले. आणि मागून किमया बोलायला लागली. इंग्रजीत. थांबेचना! हिरामणला त्यातलं फक्त 'बिकॉज' कळलं, पण ते तीनदा आलं, म्हणजे पोरीकडं तीन कारणं होती. वर्ग मागं वळला, झोपलेला जागा झाला, प्रणितनं हातातला खडू खाली ठेवला. महिन्याभरात घरात बोलते त्याहून जास्त पोरगी एका दमात बोलली, आणि बोलताना तिचा चेहरा... आता ते जाऊ दे. बापानं खिडकीबाहेर बघितलं, एवढंच सांगतो.

मग गोष्टीत ती बाई पहाटे उठते, बांधावर जाऊन उभी राहते, धुक्यातून कुणाची तरी पावलं वाजतात... आणि बेल झाली!

"मग? कोण आला?"

"आता सोमवारी, काका."

"सोमवारी माझी फर्स्ट शिफ्ट हाय रे!"

बुधवारी हिरामणनं पेणला जाऊन सह्या केल्या. साहेबांनी विचारलं, स्कोपचं काय ठरलं? हा म्हणाला, "साहेब, पोरगी बोलायला लागली हाय." साहेबांना काय कळलं देव जाणे, पण महिन्या-दीड महिन्यानं कर्ज मंजूर झालं. धोंडुबाई अजून विचारते, इंग्रजी शिकून करनार काय, आणि हिरामण म्हणतो, आये, तू जेव.

किमया पुण्याला गेली. पहिला फोन आला. आई म्हणाली जेवणाचं विचारा, पण यानं फोन हातात घेतला आणि विचारलं, "त्या बाईचं काय झालं गो? पावलं कुणाची होती?"

"बाबा, अख्खी वाचली मी. गोष्ट तिथंच संपते. शेवट वाचणाऱ्यानं ठरवायचा."

हिरामणनं फोन या कानाचा त्या कानाला लावला. मग म्हणाला, "म्हंजे पैसे पण आपुनच भरायचे, नि शेवट पण आपुनच लावायचा?"