तळचा मध

वाढलं? — वाढलं कसं? नाही, थांब, आधी बस तू. त्या स्टुलावर नको, त्याचा एक पाय कधीचा गेलाय, या खोक्यावर बस, रिकामंच आहे — हं, आता नीट सांग. पहिल्या तपासणीत पोरीच्या रक्तात शिसं जेवढं होतं त्याच्या दीडपट? आणि डॉक्टर काय म्हणाले? घरात कुठून येतंय ते शोधा? अगं पण तुझा नवरा तर पाच आठवडे घरातच नाहीये. कारखाना बंद, त्याचे कामाचे कपडे तू जाळलेस, फरशी तीन-तीनदा पुसलीस, त्याला भावाकडे झोपायला पाठवलंस — खिडकीच्या गजांतून बघतो बिचारा लेकीला, तूच सांगितलंस मागच्या खेपेला, आणि सांगता सांगता रडलीस — आणि तरी वाढलं. हं. — नाही, काही नाही. मला काय कळतंय त्यातलं. उकडतंय किती आज या शेडमध्ये.

मध ना? मध नाहीये गं. संपला. — टाकी? हो, टाकीत आहे खरा, अर्धी आहे, पण तो थिजलाय, रवा धरलाय त्याने, तोटीतून थेंब उतरत नाही. — माहितीय, माहितीय, कोमट पाण्यात ठेवला की सुटतो, मीच शिकवलंय तुला, आता मलाच शिकव. ताकदीचं काही द्यायचं तर दूध दे, अंडं दे, पालेभाजी दे — मध नको. अशी काय बघतेस? माल असून नाही म्हणणारी दुकानदारीण बघितली नाहीस कधी? मी बघतेय, तीन आठवडे, रोज आरशात. रिकामी बाटली आणलीस का — ठेव इथे. किती लख्ख धुतेस गं तू, झाकणाच्या आट्यांतसुद्धा चिकटा नाही, बाकीच्यांच्या बाटल्या आल्या की मागून मुंग्यांची वरात येते. कधी संपली ही? — काल? म्हणजे तीन आठवड्यांत अख्खी बाटली. आणि तू काही खाल्ली नसशील. तुला ओळखत नाही का मी, पोरीला पुरावा म्हणून तू चमचासुद्धा चाटला नसशील. सगळी तिनेच खाल्ली.

एक विचारू? मागे तू मला म्हणाली होतीस — काकू, कारखान्यातल्या तपासणीत यांच्या रक्तात निघालं त्यापेक्षा पोरीच्या रक्तात जास्त कसं? आठवतंय ना? आणि मी काय म्हटलं, लहान जीव असतो, लगेच धरतं अंगात. म्हटलं खरं. पण मी तेव्हाच चरकले होते. नऊ वर्षं तो माणूस त्या बॅटऱ्या फोडायच्या कारखान्यात जातोय, वजनकाट्याच्या केबिनमध्ये का असेना, पण आवारात तर आहे ना, आणि त्याच्यापेक्षा घरात बाहुली खेळणाऱ्या चार वर्षांच्या पोरीत जास्त? असं कसं असेल? नसतंच. — कारखाना धुतल्या तांदळासारखा आहे असं नाही हं म्हणत मी. ओढ्याचा रंग मी पण बघितलाय. पण तुझ्या घरात जे आलं ते — थांब, मला पाणी पिऊ दे. तुला देऊ? माठातलं आहे, टाकीजवळचं नाही.

आमच्या यांचं तुला माहितीच आहे. तीस वर्षं मधमाश्या पाळतात, माणसांशी चार शब्द बोलायचे तर तोंडाला कुलूप. माझ्या माहेरच्या लग्नकार्यात कोपऱ्यात बसायचे, लोक मला विचारायचे, तुमचे मिस्टर आले नाहीत का. असा माणूस. आणि या वर्षी कसं झालं कोण जाणे, पेट्यांतल्या माश्या मरायला लागल्या, ढीगच्या ढीग, आणि हे म्हणाले, हे त्या कारखान्याचं पाप आहे, मी सिद्ध करतो. स्वतः बाटली भरली, स्वतः प्रयोगशाळेत पाठवली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ना, ते हेच. आला अहवाल — मधात शिसं, किती तरी पट. झालं! यांना तर पंखच फुटले. कागद हातात घेऊन घरोघर फिरले, सह्या घेतल्या, तू पण केलीस ना सही, नवरा तिथेच नोकरीला असून केलीस, धन्य आहे तुझी. कारखाना चौकशीसाठी बंद झाला. मुलांची तपासणी झाली. अकरा पोरांच्या रक्तात निघालं. आणि हे — अगं, हे सभेत बोलले! माईकवर! मी मागे बसून ऐकत होते, म्हटलं हा आवाज कोणाचा. अडुसष्टाव्या वर्षी पहिल्यांदा लोक यांचं ऐकतात, रस्त्यात थांबवून नमस्कार करतात. आजही तिथेच गेलेत, आज शेवटची सभा, कारखान्याचं काय ते आज ठरणार. इस्त्रीचा शर्ट घालून गेलेत.

आणि मग प्रयोगशाळेतल्या बाईंचा फोन आला. हे नव्हते, मीच घेतला. बाई चांगली होती, आवाज अगदी हळू — म्हणाली, काकू, तुम्ही मध काढल्यावर ठेवता कशात? म्हटलं, टाकीत. म्हणाली, टाकी कसली? म्हटलं, पत्र्याची, जुनी आहे, आमच्या सासऱ्यांच्या वेळची. म्हणाली, तिला कधी डाख दिलाय का, झाळलीय का कुठे? — मी म्हटलं, का हो? ती म्हणाली, मध जिभेला गोड लागतो पण तो असतो आंबट, लिंबासारखा नसला तरी आंबटच, आणि महिनोन्‌महिने एकाच भांड्यात राहिला की धातू खात बसतो. झाळायच्या जुन्या तारेत शिसं असतं. म्हणाली, एक काम करा, दोन बाटल्या पाठवा, एक टाकीतली आणि एक थेट पोळ्यातून काचेत पिळलेली, टाकीला न लागलेली. मी पाठवल्या. यांना न सांगता. पोळं पण मी मुद्दाम कुठल्या पेटीतलं घेतलं माहितीये — कारखान्याच्या कुंपणाला लागून आहे ना, त्या पेटीतलं. देवाला म्हटलं, निघू दे त्याच्यात, भरपूर निघू दे. असं कोणी मागतं का गं? मी मागितलं.

नाही निघालं. पोळ्यातला स्वच्छ. म्हणजे अगदी नावाला काही, ते कुठेही असतं म्हणाली. आणि टाकीतला —

काखेत कळसा आणि गावाला वळसा. हा बघ, हा इथे, खाली वाकून बघ, तळाची ही शिवण दिसतेय? ही राखाडी रेघ, अंगठ्याएवढी जाड. दोन वर्षांपूर्वी टाकी गळायला लागली. हे म्हणाले, टाकून देऊ, स्टीलची आणू. आणि मी म्हटलं — मी म्हटलं हं, त्यांनी नाही — इतकी चांगली टाकी कशाला टाकायची, तुमच्या हातात कला आहे, द्या की डाख. त्यांच्या जुन्या डब्यात ती तार होती, रेडिओ दुरुस्त करायचे तेव्हाची. ते आतून हात घालून झाळत होते आणि मी इथे बसून तार सोडत होते, गप्पा मारत. झाल्यावर त्यांनी बोटाने चाचपून दाखवलं, बघ, कुठे खडबडीत लागतंय का. नव्हतं लागत. इतकं गुळगुळीत काम. मी म्हटलं, सोनाराचा हात आहे हो तुमचा.

तुला वाटत असेल, सगळ्यांनीच खाल्लाय, मग माझ्याच पोरीचं एवढं का. सांगते. सांगायलाच हवं. तोटी असते ना टाकीची, ती तळापासून चार बोटं वर आहे. तिच्याखालचा मध येत नाही, टाकी कलती करून काढावा लागतो. दाट, काळसर, वासाला एकदम छान — तळचा मध. तो मी विकत नव्हते. तो मी तुझ्यासाठी राखून ठेवायची. दोन वर्षं. पोर अशक्त आहे, पोटात दुखतं म्हणते, जेवत नाही, म्हटलं तिला चांगल्यातला चांगला जाऊ दे. शिवणीला लागून राहिलेला, महिनोन्‌महिने, तो सगळा — तिला. मायेने दिला गं. शत्रूनेसुद्धा इतक्या निगुतीने केलं नसतं.

नाही, बोलू दे मला, आता थांबले तर परत तोंड उघडणार नाही. दुसरा अहवाल बुधवारी आला. तीन आठवडे झाले त्याला. लेबलांच्या खोक्यात तळाशी ठेवलाय, हे त्या खोक्याला हात लावत नाहीत, लेबलं मी चिकटवते. त्या दिवसापासून मी मध विकला नाही, सगळ्यांना संपला म्हणून सांगते. कोणालाही नाही. — हो. ही बाटली. हो, ही तुला शुक्रवारी दिली. बुधवारनंतरचा शुक्रवार, तोच. तू दारात उभी, पोरीचं सांगत होतीस, आणि हे इथे होते, हेच उठले, म्हणाले, ते कारखानेवाले पोरांचे जीव घेतायत, आपण निदान चांगलंचुंगलं तरी देऊ, आणि स्वतः टाकी कलती केली, स्वतः भरली, तुझ्याकडून काही घेतलं नाही. मी तिथे उभी होते, तिथे, त्या दाराशी. बाटली त्यांच्या हातातून तुझ्या हातात गेली ती मी डोळ्यांनी बघितली. तोंड उघडलं होतं मी. आणि काय म्हटलं? — झाकण घट्ट लाव म्हटलं.

मार मला. नाहीतर ओरड तरी. अशी नुसती बसू नकोस. मी रोज ठरवायची, उद्या तुझ्या घरी जाते. चपला घालायची, फाटकापर्यंत जायची. मग वाटायचं, एक चमचा तर खाते रोज, एका चमच्याने काय होतंय. मग वाटायचं, आवडला नसेल, तशीच पडली असेल बाटली. माणूस स्वतःला काय काय सांगतं. आणि यांना कसं सांगू? तुम्हीच, तुमच्या हातांनी? ज्या कागदासाठी लोक तुम्हाला हार घालतात, तो कागद आपल्याच टाकीचा आहे? त्यांना तर हल्ली कप धरवत नाही धड, बोटं थरथरतात, ते म्हणतात वय झालं. रोज सकाळी दोन चमचे खातात तेही. मी नाही खात, मला साखर आहे — मधाच्या टाकीशी बसून तीस वर्षं फिका चहा पितेय मी. सगळ्यांत धडधाकट मीच. बघ कसा न्याय आहे.

अकरा पोरं, आणि अकराही घरांत आपल्या बाटल्या. घरात उरलेल्या बाटल्यांचं काय, ते विचारू नकोस. मला नाही माहीत. तिकडे कारखान्यातली शंभर माणसं घरी बसलीत, तुझा नवरा धरून. चोर सोडून संन्याशाला फाशी — आता ते संन्यासी नसतील, पण या चोरीचे चोर ते नव्हेत. हे सगळं मी कोणापुढे उलगडू, कुठल्या टोकाकडून?

तू एवढं कर. घरी जा, मधाचा एक थेंबही कुठे उरला असेल तर ओतून टाक, मधाचा तो लाकडी चमचा पण टाक. उद्या डॉक्टरांना हा कागद दाखव — थांब, काढते, लेबलांखाली — हा घे. हा तुझ्याकडे राहू दे, माझ्याकडे राहिला तर मी परत लपवीन. आणि जाताना भावाच्या घरावरून जा आणि त्याला बोलाव. दारातून आत घे. पोरीला त्याच्या मांडीवर दे. त्याच्याशी काय बोलायचं ते — मला नाही सांगता येणार, तुमचं तुम्ही बघा, पण पोरीला झालं ते त्याच्या अंगावरून आलेलं नव्हतं, एवढं त्याला सांग. पाच आठवडे तो स्वतःचे हात धूत बसला असेल.

फाटक वाजलं. — नाही, मागच्या दाराने कशाला जातेस, तू काय चोरी केलीस? अशीच जा, समोरून. — अहो, आलात? इतक्या लवकर? — काय म्हणता? कायमचं? कायमचं टाळं लावलं? — हो हो, ऐकलं, कळलं मला. — नाही हो, ती रडत नाहीये, धूळ गेलीय डोळ्यात. — नको, तिला काही भरून देऊ नका. नको म्हटलं ना. तुम्ही ती टाकी सोडा आधी. — तू जा गं. जा म्हणते ना. फाटक ओढून घे. — अहो, बसा जरा. बसा म्हणते ना.