उमेळ्यातलं गोडं पाणी

“हॅलो? … हो, मीच. या घरात दुसरं कोण उचलणार, बाय?”

प्लासिड केळीच्या खुंटापाशी उपड्या बादलीवर बसले होते. बायको, इझाबेल, गेल्यापासून उमेळ्याच्या वाडीत ते एकटेच. बावखलाचं, म्हणजे वाडीतल्या तळ्याचं, पाणी खारं होऊन केळी पिवळी पडली, तेव्हा पर्थहून लेकीने, शर्लीने, निकाल देऊन टाकला होता. बोअरला गोडं पाणी लागणार असेल तर वाडी ठेवायची. नसेल तर ती नाताळला येईल आणि दोघं बिल्डरच्या कागदांवर सह्या करतील. कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवण्यात हयात गेलेल्या प्लासिडनी आज जमिनीत सळया ठोकल्या, वीज सोडली आणि थेट दगडालाच विचारलं.

“हो, हो… अगं ऐक ना. दगडाचा विजेला रोध चांगला आलाय. … नाही, कमी म्हणजे चांगला असं नसतं. फार कमी म्हणजे खारं पाणी. … जास्त म्हणजे कोरडा दगड. नाहीतर भोकं आहेत, पण एकातून दुसऱ्यात जायला वाट नाही.”

भोक आहे म्हणजे पाणी येणारच ना, असं शर्लीने विचारलं. प्लासिडना वर्गात उभं राहिल्यासारखं वाटलं. वीज दगडातून जात नाही, त्याच्या भोकांतल्या पाण्यातून जाते, हे त्यांनी सावकाश सांगितलं. पाणी भरलेलं, पण चहूकडून बंद असलेलं भोक विजेच्या हिशेबात नसल्यातच जमा. समोरच्या टॉवरसारखं. माणसं खच्चून, दारं बंद.

“आपला आकडा बरोब्बर मधला आहे. जोडलेली भोकं, आत गोडं पाणी. शंकाच नाही.”

शर्ली खूश झाली. इतकी, की लगेच तिकीट रद्द करते म्हणाली. सह्याच नाहीत तर कशाला यायचं. त्या सुट्टीत मुलांना बालीला नेता येईल.

“अं? … हो, बरोबर आहे. सह्याच नाहीत तर… हो.”

पलीकडे ती बालीच्या हॉटेलांविषयी बोलत राहिली.

“शर्ली… तशी थोडी शंका आहे म्हणा.”

भोकांना आतून चिकणमातीचा थर असला, तर वीज त्या थरावरूनही सरकते. आकडा असाच मधला येतो आणि बोअरमधून पेलाभर पाणी निघत नाही. हे शंभर टक्के खरं शास्त्र होतं. फक्त ते त्यांना तिकिटानंतर आठवलं.

शर्ली पडली ऑडिटर. चिकणमाती आहे की नाही, एवढंच सांगा, म्हणाली.

“… नाही. शेजारच्या बोअरमधून निघालेले दगडाचे तुकडे भिंगातून पाहिलेत मी. भोकं स्वच्छ आहेत. … हो. गोडंच.”

दगडाबाबत खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती. बाकी बाबतींत खरं बोलायचीही फारशी नव्हती.

“तरी पण ये. … कशाला म्हणजे… मला भेटायला.”

बालीची हॉटेलं मागे पडली. मग शर्लीचा आवाज एकदम हळू आला.

“नाही गं, तब्येत ठीक आहे. … छातीत? नाही. … डॉक्टर काही म्हणाले नाहीत, मी गेलोच नाही त्यांच्याकडे. … लपवत नाहीये. … अगं, नुसतं भेटायला. … जेसनला नको सांगूस. तुझा मावसभाऊ लगेच शेजारच्या गासहून बीपीचं मशीन घेऊन… ऐक ना…”

फोन बंद झाला होता. तिला ताबडतोब जेसनला लावायचा होता.