नावांचा कागद

आमचं घर विश्रांतवाडीचं, वडील कारखान्यात, आणि मी सायकॉलॉजीत एम.ए. करते म्हटल्यावर ते म्हणाले, नुसतं ऐकून घ्यायचे पैसे कोण देतं गं, आणि काय सांगू तुम्हाला, किती वर्षं त्यांचंच खरं निघालं. मनोरुग्णालयात मी दिवसभर चाचण्या घ्यायचे, पगार तिथल्या कंपाउंडरपेक्षा कमी. मग शाळेत समुपदेशक झाले, तिथे थोडा बरा, पण मे महिन्याचा नाही. शाळेत एक रजिस्टर असायचं, कोणतं मूल आलं, कशासाठी आलं, ते लिहून मोठ्या बाईंना दाखवायचं.

मग आयटी आलं. हिंजवडीच्या एका कंपनीत आठवड्याला दोन दिवस बसायला लागले, येईल त्या माणसामागे पैसे, म्हणजे शाळेचा महिन्याचा पगार चार दिवसांत. पहिला चेक घेतला तेव्हा भीतीच वाटली, म्हटलं काहीतरी चुकलंय यांचं, परत मागतील. कुणी मागितला नाही.

बिलाबरोबर किती जण आले त्याचा कागद कंपनीला द्यायचा. नुसता आकडा चालला असता हो, पण शाळेची सवय, मी नावं लिहिली आणि नावापुढे कारण. कुणी मागितलं नव्हतं!

वैशाली म्हणून मुलगी यायची, अकोल्याची, इथे एकटी राहायची. म्हणायची, मॅडम, कामाचा इतका ताण आहे की बाल्कनीत उभं राहायची भीती वाटते, उडी मारीन की काय असं होतं. ते पण मी लिहिलं. पुढच्या महिन्यात आली ती खुर्चीच्या कडेला बसली, म्हणाली, मॅडम, हे फक्त तुम्हालाच माहीत होतं ना, मग आमचे मॅनेजर कसं म्हणाले की तुला झेपत नसेल तर काम दुसऱ्याला देतो. माझाच कागद त्यांच्यापर्यंत गेला होता. मी म्हटलं, मला काय माहीत बाई. खोटं बोलले, तोंडावर. ती बरं म्हणाली आणि गेली, परत आली नाही, नोकरीही सोडली म्हणे, फोन बंद.

मी पण ते काम सोडलं. आता वारजेत दोन खोल्यांत बसते, फी बेताची, नाव कुणाचं लिहीत नाही. पण सकाळी पेपर आला की आधी निधनाच्या बातम्यांचं आतलं पान उघडते, तिचं नाव शोधते, नाही दिसलं की मग चहा ठेवते. आजही नव्हतं. असेल तिथे सुखी असू दे पोरगी. फोन केलाच तिनं तर खरं सांगेन, असं रोज म्हणते, पण खरं सांगू, फोन वाजला की अजून हात पुढे होत नाही.