शेजारणीच्या गुलाबांवरचा मावा

शिवणकाम करणाऱ्या मावशी दातांच्या दवाखान्यात गालाला रुमाल लावून बसल्या होत्या. दाढ ठणकत होती, पण कान शेजारच्या बाकावरच्या दोघी बहिणींकडे लागले होते. धाकटीला हळू बोलणं माहीतच नव्हतं.

“ताई, शेजारणीच्या गुलाबांवर मावा पडला. कळ्यांवर हिरवे किडे नुसते बुजबुजले होते. तेव्हापासून आमचे हे रोज संध्याकाळी तिकडेच!”

“कशाला?”

“साबणाचं पाणी फवारायला. एकेक पान उलटून बघतात म्हणे.”

“माणुसकी असते गं.”

“मग आमच्या गुलाबांवर काय कमी होता मावा? मी मुद्दाम हात लावला नाही. म्हटलं, बघू यांचं लक्ष कधी जातंय.”

“गेलं का?”

“गेल्या आठवड्यात गेलं. म्हणाले, ‘अगं, तिच्याकडे साबणाचं पाणी तयारच असतं. जा, मागून आण.’”

“आणि तू गेलीस?”

“गेले नाक मुठीत धरून. बाईनं हसत हसत बाटली भरून दिली. वर म्हणते, ‘तुमचे हे म्हणजे अगदी देवमाणूस हो!’”

“बरं, मग?”

“मग काय, दोनदा फवारलं. सगळा मावा साफ!”

“चांगलंच झालं की. डोळे कशाला पुसतेस?”

“ताई, माझा दोनदा फवारून गेला. हे महिनाभर फवारतायत, तिचा कसा जात नाही?”

तेवढ्यात नर्सनं मावशींना आत बोलावलं.

“दुसऱ्या कुणाला तरी घ्या आधी,” मावशी रुमालाआडून म्हणाल्या आणि तिथेच बसून राहिल्या.