वळणावरचा हॉर्न

टाळी वाजवा मंडळी, आणि देवाचं नाव घ्या! ज्याला जे आवडतं ते घ्या, पण ओठातल्या ओठात नको! …हां! आता बरं वाटलं. मघाशी वाटत होतं, सगळ्यांनी तोंडाला कुलूप लावून किल्ली घरी सुनेकडं ठेवलीय!

आज एकच प्रश्न विचारतो. माया म्हणजे काय, मोक्ष म्हणजे काय — ते उद्या. आजचा प्रश्न घरातला आहे. तुम्ही संध्याकाळी घरी येता. तुमची चाहूल लागते. त्या क्षणी घरातली माणसं काय करतात? पुढं येतात, की सावरून बसतात? …सांगा की! बघा, पुरुषमंडळी खाली बघायला लागली आणि महिला मंडळ हसायला लागलं. म्हणजे उत्तर सगळ्यांना ठाऊक आहे! पण ठाऊक असून भागत नाही, म्हणून तर कथा. तबलजी, हात जरा आवरा. मंडळी, ऐका!

कऱ्हाडच्या पुढं एक गाव. नाव नको, तुमचे पाहुणे निघायचे! तिथं जयवंतराव शेडगे. लाकडाची मोठी वखार. आता वखारीत करवत चालू झाली की शेजारच्याला ‘पाणी दे’ म्हणायचं तरी बोंब मारावी लागते. तिथं हळू बोलणारा तहानेनं मरायचा! उभा जन्म त्या करवतीशी भांडून जयवंतरावांचा आवाज असा झालेला, की ‘जेवायला वाढ’ म्हणाले तरी शेजारच्या घरातली बाई ताट घ्यायची!

माणूस वाईट? छे हो! निर्व्यसनी, देवभोळा. गावात कुणाच्या दारी दुःख झालं, तर सरणाची लाकडं न मागता पोचायची. पण वखारीला कुलूप लावताना आवाज काही आत ठेवून येता येत नाही ना! तो बरोबरच घरी यायचा. प्रेमानं हाक मारली तरी घरच्यांना वाटायचं, काहीतरी चुकलं आपलं.

आणि त्यांची जीप! जुनी, डिझेलची. ती तर मालकाच्याही वरताण! ओढ्याच्या पुलावर आली की इकडं घरात फळीवरची भांडी थरथरायची. पूर्वी सासरे दाराशी येऊन खाकरायचे, आठवतं का आजी? खाकरले की आत सुना पदर सावरायच्या. जयवंतरावांना खाकरावं लागायचं नाही — त्यांची जीप खाकरायची!

घरात माणसं मोजकी. बायको इंदुमती. मुलगा परराज्यात नोकरीला. सून ऋतुजा गावच्याच शाळेत शिक्षिका, आणि तिची लेक ओवी, दुसरीतली. जयवंतराव घरात पाऊल टाकायचे तेव्हा घर कसं? चिडीचूप! सून स्वयंपाकघरात, नात पुस्तकापुढं, बायको पाण्याचा तांब्या घेऊन उभी. आणि हे पारावर छाती फुगवून सांगायचे — “आमच्या घरातल्या बायकांचा आवाज उंबऱ्याबाहेर आलेला दाखवा! शिस्त लागते शिस्त!”

आता कथेला चाकं लागतात हं! इंदुमतीबाईंची कंबर दुखायला लागली. डॉक्टर म्हणाले, “ती जीप आधी बंद करा, नाहीतर औषधाचा उपयोग नाही.” जयवंतरावांनी दुसऱ्या दिवशी जीप विकायला काढली. ती जीप म्हणजे त्यांचा जीव की प्राण! पण बायकोच्या कंबरेपुढं हूं की चूं केलं नाही. सांगितलं ना, माणूस चांगला होता! फक्त चांगुलपणाला सायलेन्सर नव्हता!

तर नवी गाडी घेतली. कुठली? हायब्रिड! आजोबा, चेहरा असा करू नका, सांगतो. एकाच गाडीत पेट्रोलचं इंजिनही असतं आणि विजेची मोटरही. हळू जायचं असेल तेव्हा मोटर ओढते, जोर लागला की इंजिन हात लावतं. ब्रेक दाबला की बॅटरी आपोआप भरते. दोघं एका छताखाली राहतात आणि ‘मीच का, तो का नाही’ असा वाद नाही! …काय हो पाटील, भावाकडं का बघताय?

शोरूममध्ये जयवंतराव गाडीत बसले. बटण दाबलं. सामसूम! पुन्हा दाबलं. सामसूम! काच खाली करून ओरडले, “अवो ताई! नवी गाडी आणि चालू हुईना! काय फसवाफसवी लावलीया?”

शोरूमची ताई हसून म्हणाली, “काका, गाडी पहिल्याच बटणाला चालू झाली होती. तुम्ही दुसऱ्यांदा दाबून बंद केलीत.”

“मग आवाज कुठाय?”

“आवाज नाही, काका.”

आवाज नाही! जयवंतरावांना पटेना. आवाज नाही तर गाडी आहे कशी? निघाले घाबरत घाबरत. डावा पाय सारखा क्लच शोधतोय, क्लच नाहीच! बिचारा पाय नुसताच आपटतोय. गावात शिरले, तर गल्लीत मधोमध कुत्रं झोपलेलं. जीप पुलावर आली की हे कुत्रं पळायचं. आज? उठायला तयार नाही! जयवंतरावांनी खाली उतरून त्याला विनवलं!

दारात पूजा झाली. नारळ फोडला, चाकाखाली लिंबं ठेवली, इंदुमतीबाईंनी गाडीला ओवाळलं. मग दोघं कुलदैवताला निघाली. बाई शेजारी बसल्या आणि जयवंतराव नेहमीसारखे गरजले — “पट्टा लाव!”

बाई केवढ्यानं दचकल्या! आणि मंडळी, त्या बंद गाडीत, जिथं चाकाखालचा खडासुद्धा ऐकू येत होता, तिथं जयवंतरावांना आयुष्यात पहिल्यांदा स्वतःचा आवाज ऐकू आला. जीपमध्ये तो जीपच्या आवाजात मिसळून जायचा. इथं मिसळायला काहीच नव्हतं. ते चमकले. “लाव की,” म्हणाले, जरा खाली येऊन. पण आवाजाला खाली यायची सवय नव्हती. तो मध्येच चिरकला. बाईंनी पट्टा लावला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वखार बंद करून जयवंतराव घरी निघाले. पूल ओलांडला. भांडी थरथरली नाहीत. पिठाच्या गिरणीचं वळण आलं, तेही बॅटरीवर अलगद घेतलं. गाडी अंगणात येऊन उभी राहिली आणि घरात कुणाला पत्ताच नाही! ते दरवाजाकडं निघाले, तोच आतून आवाज आला. हसण्याचा! एकीचा नाही, तिघींचा! एक हसणं तर त्यांना ओळखूच येईना. घोगरं, मोकळं, मध्येच श्वास अडकणारं. कोण पाहुणी आलीय? खिडकीच्या फटीतून बघतात तर काय… ते त्यांच्या बायकोचं हसणं!

चटईवर तिघी पत्ते खेळत होत्या. पत्ते! ज्यांना जयवंतराव घरात थारा देत नव्हते! त्यांच्या लेखी पत्ते म्हणजे जुगार, विषय संपला. आता हा माणूस गरजणार, असं वाटलं ना तुम्हाला? गरजणारच होते. तोंड उघडलंही होतं. पण तेवढ्यात ओवी उभी राहिली, दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरल्यासारखं केलं आणि — “घर्रर्र! घर्रर्र! जीप पुलावर आली! पळा!”

काय धावपळ! ऋतुजा स्वयंपाकघराकडं, इंदुमतीबाई पत्ते चटईखाली सारतायत, कंबर धरून हसतायत. खेळ होता तो, मंडळी! रोजचा खेळ! जयवंतरावांच्या येण्याचा त्या घरात पोरखेळ झालेला! आणि मग ती पोर एकदम थांबली. म्हणाली, “आजी, पण आता आबांची नवी गाडी वाजतच नाही. मग आपल्याला कळणार कसं?”

हसणं थांबलं. इंदुमतीबाईंनी पत्ते गोळा केले. म्हणाल्या, “खरंच की गं बाई. आता बेतानंच हसायचं.”

…ऐकलंत? ‘आता बेतानंच हसायचं.’ ज्या बाईच्या कंबरेसाठी जीव की प्राण अशी जीप विकली, तिच्या ओठावरचं उरलंसुरलं हसू या नव्या गाडीनं पुसायला घेतलं! खिडकीचा गज धरून तो दांडगा माणूस तसाच उभा राहिला. पाणी आलं हो डोळ्यांत.

रागावला? नाही! त्यांनी काय केलं, ऐका. हळूच मागं फिरले. गाडीत बसले. आवाज न करता गाडी अंगणातून मागं घेतली, पार गिरणीच्या वळणापर्यंत नेली. आणि तिथून हॉर्न दिला — पॉंऽऽ! लांबलचक! जरा वेळ थांबले. पुन्हा पॉंऽऽ! मग सावकाश घरी आले. घर चिडीचूप. चटईखालून एक बदामाची राणी डोकावत होती. जयवंतराव तिच्याकडं न बघता तांब्यातलं पाणी प्याले.

त्या दिवसापासून रोजचा नेम झाला. वळण आलं की हॉर्न! गिरणीवाला वैतागला. पारावर तर चेष्टेला ऊत आला. “काय जयवंतराव! गाडी आणली बिनआवाजाची आणि हॉर्न निम्म्या गावाला! लई नवी हाय म्हणून दाखवताय व्हय?” जयवंतराव म्हणायचे, “व्हय, दाखवतोय.” आणि पुढं व्हायचे. गाव आपल्याला फुशारकीखोर म्हणतंय ते चालेल, पण घरात तिघींना पत्ते उचलायला अवधी मिळायला हवा! मंडळी, याला मी भक्ती म्हणतो. फक्त ती अजून दाराबाहेर उभी होती.

एकदा काय झालं, इंदुमतीबाईंना कंबरेच्या डॉक्टरकडून घेऊन येत होते. बाई शेजारीच बसलेल्या. वळण आलं आणि सवयीनं हात गेला — पॉंऽऽ!

“अहो, समोर कोण न्हाई. हॉर्न कुणाला?”

जयवंतराव आरशात बघायला लागले.

“रोज इथंच वाजवता. मी ऐकते की. काय हाय या वळणावर?”

जीप असती तर ‘काय म्हणालीस?’ म्हणून वेळ मारून नेता आली असती. या गाडीत ऐकू आलं नाही असं म्हणायची सोय नव्हती! त्यांनी गाडी कडेला घेतली. समोर बघत म्हणाले, “तुमास्नी पत्ते उचलायला वेळ मिळावा म्हणून.”

बाईंनी पदर तोंडाशी नेला.

“इंदू, मी आलो की घर भितं व्हय गं?”

आता बाई खोटं बोलू शकल्या असत्या. ‘काहीतरीच तुमचं,’ म्हणून मोकळ्या! आपल्याकडं एवढ्यावर संसार पार पडतात! पण नवरा इतक्या हळू आवाजात काही विचारतोय, हे त्यांनी कधी ऐकलंच नव्हतं. त्या खरं बोलल्या. “व्हय. भितं.” आणि पुढं म्हणाल्या, “पण तुमी यायच्या आधी पोरगी जेवत न्हाई. आबा येऊ देत, म्हणती.”

जयवंतराव स्टिअरिंगवरून बोट फिरवत राहिले.

“उद्या हॉर्न देऊ नका.”

“आणि पोर दचकली म्हंजे?”

“दचकू दे. चार दिवस दचकंल. तुमी दारात उभं राहू नका, आत येऊन खाली बसा. दारात उभा माणूस जप्तीला आल्यावाणी दिसतोय!”

दुसरा दिवस. संध्याकाळ. गिरणीवाला कान देऊन बसलाय — आज हॉर्न कसा नाही? गाडी अंगणात आली. जयवंतरावांनी कडी काढली. आत तिघी, मध्ये पत्ते. ऋतुजा ताडकन उभी! ओवीचे हात पत्त्यांवर! इंदुमतीबाईंनी मात्र तिचा हात धरला आणि म्हणाल्या, “राहू दे.”

जयवंतराव खाली बसले. गुडघे असे वाजले की वखारीची आठवण झाली. म्हणाले, “मला येत न्हाई. शिकवता का?”

कुणी हलेना. शेवटी बाईंनीच पानं वाटली. बदाम सात! साधा खेळ, पण जयवंतरावांची कोण तारांबळ! पानं हातातून निसटतायत, रंग कळत नाही, घाम फुटलाय. पाळी आली. म्हणाले, “पास.”

ओवीनं मान वाकडी करून त्यांच्या हातात डोकावलं आणि — “आबा! पान हाय की हातात! पान असताना पास म्हणायचं न्हाई! किती वेळा सांगायचं!”

काय आवाज होता तो! हुबेहूब आबांचा! वखारीतला! खेळातला ‘घर्रर्र’ नव्हे, खराखुरा रागाचा. ऋतुजाच्या तोंडचं पाणी पळालं. जयवंतरावांनी नातीकडं बघितलं. मग पान काढून खाली ठेवलं आणि कान धरले.

“चुकलं, बाई.”

आणि इंदुमतीबाई हसल्या! नवऱ्यासमोर! तेच हसणं, घोगरं, मोकळं, मध्येच श्वास अडकणारं. पदर बाजूला, तोंड उघडं, डोळ्यांतून पाणी. सून हसली, पोर हसली. एकटे जयवंतराव हसले नाहीत. ते बायकोच्या तोंडाकडं बघतच राहिले. हळूच म्हणाले,

“इंदू, तुझी ही डावीकडची दाढ कुठं गेली?”

बाई म्हणाल्या, “काढली की. दोन दिवाळ्या झाल्या.”

दोन दिवाळ्या! एका घरात, एका ताटलीतला फराळ खाल्लेल्या दोन दिवाळ्या! त्या माणसाला ठाऊक नव्हतं. का? त्याच्यासमोर ती इतकं तोंड उघडून कधी हसलीच नव्हती.

मंडळी, कथा इथं संपली. आपण देवळात येतो, घंटा वाजवतो — देवा, मी आलो! देव दचकतो का? काही लपवतो का? तो होता तसाच असतो, म्हणून आपण त्याच्यापाशी निवांत बसतो. तसं बसता येईल असा एक तरी माणूस घराला लागतो. तो तुम्ही आहात का?

आता आरती होईल, प्रसाद घ्या, घरी जा. जपाची माळ आज राहिली तरी देव रुसायचा नाही. पण आपल्या माणसासमोर बसा, त्याला हसू येईल असं काहीतरी बोला — आणि नीट बघा, मंडळी, तोंडातले दात सगळे जागेवर आहेत का.